काळ वाकवणाऱ्या भागावर तर्क कसा मांडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यात विदेशी मालिका पाहणारी मराठी मंडळी आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत, आणि मालिका रहस्याची असून तिच्यात काळाचा गुंता असला, की भाग संपण्याआधीच तर्कांना ऊत येतो. तर्क करायला कोणाची परवानगी लागत नाही; मात्र चार जाणकार समोर बसलेले असताना आपला तर्क पहिल्याच प्रश्नाला कोसळू नये असे वाटत असेल, तर तो बांधण्याची काही रीत पाळावी लागते. ती रीत येथे एकाच भागाच्या आधारे सांगतो आहे. तो भाग म्हणजे ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या पर्वातला पाचवा भाग, ‘द कॉन्स्टंट’, जो 28 फेब्रुवारी 2008 रोजी प्रथम प्रसारित झाला. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे कथा उघड केल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

भागाचा गाभा थोडक्यात असा. विमान कोसळून मालिकेतली माणसे ज्या गूढ बेटावर अडकली आहेत, तेथून जवळच्या समुद्रातल्या जहाजाकडे निघालेले हेलिकॉप्टर ठरलेल्या दिशेवरून, म्हणजे 305 अंशांवरून, वादळामुळे किंचित ढळते आणि त्यात बसलेल्या डेसमंड ह्यूमची जाणीव 2004 आणि 1996 या दोन वर्षांमध्ये झोके घेऊ लागते. शरीर जेथल्या तेथे राहते. उडते ती फक्त जाणीव. बेटावर असलेला भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फॅराडे दूरध्वनीवरून त्याला सांगतो, की 1996 मध्ये ऑक्सफर्डला जाऊन तरुण फॅराडेला गाठ. तेथे त्याला कळते, की दोन्ही काळांत अस्तित्वात असलेली आणि मनापासून जवळची अशी एक गोष्ट, म्हणजेच ‘स्थिरांक’, सापडली नाही तर मेंदू हा ताण सोसू शकणार नाही. डेसमंडचा स्थिरांक म्हणजे त्याची दुरावलेली प्रेयसी पेनी. तो 1996 मध्ये तिच्या दारात जाऊन तिचा क्रमांक मागून घेतो, आठ वर्षांनी फोन करीन, क्रमांक बदलू नकोस, असे सांगतो आणि 24 डिसेंबर 2004 रोजी जहाजावरून तिला फोन लावतो.

पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नये. हा भाग भावनेच्या जोरावर पुढे सरकतो, आणि पहिल्याच वेळी थांबवून टिपणे काढणाऱ्याच्या हाती तपशील लागतात, पण त्यांचे वजन कळत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र इंग्रजी उपशीर्षके लावूनच पाहावे, मग आपले इंग्रजी कितीही चांगले असो. डेसमंडचे उच्चार स्कॉटिश आहेत, फॅराडे अर्धी वाक्ये तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, आणि आपल्याकडे झालेले निम्मे वाद एखादा आकडा चुकीचा ऐकल्यामुळे झालेले असतात. कागदावर दोन उभे रकाने आखावेत, एक 1996 चा आणि एक 2004 चा, आणि प्रत्येक उडी ज्या क्षणी होते तेथे आडवी रेघ ओढावी. नोंदी मराठीत कराव्यात, पण आकडे सर्वांना वाचता येतील असे लिहावेत. आपल्या बैठकांना कानडी आणि कोंकणी बोलणारे मित्रही येतात, आणि कागद सर्वांच्या हातांत फिरतो.

प्रवासी कोण, हे सर्वांत आधी ठरवावे

काळाविषयीच्या कोणत्याही भागात पहिला प्रश्न ‘कोठून कोठे’ हा नसून ‘कोण’ हा असतो, आणि ‘द कॉन्स्टंट’बद्दलचे बहुतेक तर्क येथेच घसरतात. सर्वसाधारण समज असा, की 2004 मधला डेसमंड भूतकाळात जातो. कागद नीट भरला तर उलटे दिसते. हेलिकॉप्टरमध्ये पहिल्या झटक्यानंतर डेसमंड शेजारी बसलेल्या सईदला ओळखत नाही, आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक नसते, आणि मधल्या आठ वर्षांची कसलीही आठवण त्याच्यापाशी नसते. उलट 1996 मधल्या सैनिकी छावणीत जागा झालेला डेसमंड स्वतःला पुरता ओळखतो. आपली बराक, आपले सहकारी, पावसातली कवायत या कशाबद्दलही त्याला शंका नसते. त्याला फक्त एक अतिशय स्पष्ट स्वप्न पडल्यासारखे वाटते. याचा अर्थ असा, की प्रवास करणारे मन 1996 चे आहे आणि ते 2004 च्या शरीरात जाऊन येते आहे. ‘मागे गेलेला माणूस’ नव्हे, तर ‘पुढे फेकला गेलेला तरुण’ ही या भागाची खरी घडण आहे.

आपल्याकडे हा मुद्दा पटवायला बराकीचाच प्रसंग वापरावा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे प्रत्येक बैठकीत कोणाचा ना कोणाचा काका, मामा किंवा भाऊ लष्करात असतो, आणि अशा घरांतली माणसे ते दृश्य वेगळ्या नजरेने पाहतात. गोंधळलेल्या डेसमंडचे हातपाय कवायतीत मात्र चुकत नाहीत, हे त्यांच्या चटकन लक्षात येते. आठ वर्षांनंतरचे मन त्या शरीरात शिरले असते तर शिस्तीची ती सवय इतकी ताजी दिसली नसती. एवढ्याने सिद्ध काही होत नाही, परंतु जोड-पुरावा म्हणून तो उत्तम आहे.

आता याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला आठवा भाग, ‘फ्लॅशेस बिफोर युअर आइज’, शेजारी ठेवावा. तो 14 फेब्रुवारी 2007 रोजी प्रसारित झाला. त्यात बेटावरच्या जमिनीखालच्या केंद्रातली, म्हणजे तळघरातली, आपत्कालीन किल्ली फिरवल्यावर डेसमंड 1996 च्या लंडनमध्ये जागा होतो, पण तेथे त्याच्यापाशी बेटाच्या विस्कळीत आठवणी असतात आणि पुढे काय घडणार याचे भासही होतात. म्हणजे तेथे प्रवासी 2004 चा आहे आणि दिशा मागची आहे. अंगठ्यांच्या दुकानातली हॉकिंग नावाची बाई त्याला लाल बूट घातलेल्या माणसाचा मृत्यू दाखवते आणि बजावते, की एखाद्याला आज वाचवले तरी विश्व आपला मार्ग पुन्हा सरळ करून घेते. दोन्ही भागांत वर्ष तेच, माणूस तोच, आणि तरीही प्रवासाची जात पूर्णपणे वेगळी. जो तर्क या दोन्ही भागांना एकच नियम लावतो, त्याच्याकडे मी तरी संशयानेच पाहतो.

मिनिटांचा हिशेब

ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत एक लहानसा संवाद आहे, ज्याकडे पहिल्यांदा कोणाचेच लक्ष जात नाही. डेसमंड शुद्धीवर येतो तेव्हा तरुण फॅराडे त्याला सांगतो, की तू सुमारे 75 मिनिटे निश्चल पडून होतास. डेसमंडच्या मते तो 2004 मध्ये केवळ 5 मिनिटे होता. हा हिशेब रकान्यांत मांडला की एकदम दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, दोन्ही काळ समांतर पण असमान वेगाने चालतात, त्यामुळे ‘तेवढ्या वेळात तो लंडनला कसा पोहोचला’ ही शंका आपोआप निकालात निघते. दुसरे म्हणजे, 15 ला 1 हे प्रमाण कायमचे आहे असे भागात कोठेही म्हटलेले नाही. उलट परिणाम दर वेळी वाढत जातो, आणि परतणे अधिकाधिक अवघड होते, असे फॅराडे सांगतो. एका नोंदीवरून गुणोत्तर काढून त्यावर इमारत उभारणारे तर्क मी अनेकदा ऐकले आहेत. एकच माप हाती असताना नियम सांगू नये, एवढे भान ठेवले तर पुरे.

येथेच आणखी एक भेद कटाक्षाने पाळावा लागतो. बेटाच्या आतले आणि बाहेरचे घड्याळ जुळत नाही, ही गोष्ट जाणिवेच्या प्रवासापेक्षा निराळी आहे. चौथ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात फॅराडे जहाजावरून एक लहान रॉकेट मागवतो; ते वेळेवर पोहोचत नाही, आणि त्यातले घड्याळ बेटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावर 31 मिनिटांचा फरक निघतो. ‘द कॉन्स्टंट’मध्येही सईद बोलून दाखवतो, की आम्ही तिन्हीसांजेला निघालो आणि भर दुपारी उतरलो. हे सर्व शरीरांना आणि वस्तूंना लागू आहे. सईद आणि वैमानिक लॅपिडस त्याच हेलिकॉप्टरमध्ये होते, त्यांचीही घड्याळे चुकली, पण त्यांची जाणीव कोठे उडाली नाही. तेव्हा ढळलेली दिशा ही एकटी कारण असू शकत नाही. फॅराडे विचारतो तो प्रश्न येथे महत्त्वाचा: हा माणूस कधी तीव्र किरणोत्साराच्या किंवा विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या सान्निध्यात आला होता काय? डेसमंड आला होता. तळघरात दर 108 मिनिटांनी कळ दाबत त्याने तीन वर्षे काढली होती, आणि शेवटी किल्ली फिरवली तेव्हा तो त्या स्फोटाच्या मध्यभागी होता. दोन कारणे एकत्र आली तरच उडी होते, असा तर्क केला तर सईद, लॅपिडस आणि डेसमंड या तिघांचीही उत्तरे मिळतात. जहाजावरचा मिन्कोव्स्की मात्र या तर्काला अडचणीचा आहे, कारण त्याचीही जाणीव अशीच उडते. तो साथीदारासह नावेतून बेटाकडे गेला होता आणि अर्ध्या वाटेवरून परत आला होता. तो पूर्वी अशा क्षेत्राच्या सान्निध्यात आल्याचे दाखवलेले नाही. ही अडचण लपवू नये, तर्काच्या खालीच लिहावी.

विज्ञानाचा आधार देताना हात आखडता घ्यावा. वेगवेगळ्या स्थितीतली घड्याळे वेगवेगळी चालतात हे खरे आहे, आणि जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून ती दुरुस्त करावी लागतात. पण मायक्रोसेकंद कोठे आणि 31 मिनिटे कोठे! सापेक्षतेचे नाव घेऊन बेट सिद्ध करायला निघालेला माणूस बैठकीत हमखास हसे करून घेतो.

तर्क लिहून काढणे

आता प्रत्यक्ष वादाचा प्रश्न घेऊ: डेसमंडने भूतकाळ बदलला काय? तर्क एका वाक्यात लिहावा, आणि त्याच्या खाली लगेच दुसरे वाक्य लिहावे, की काय दिसले तर मी हा तर्क सोडून देईन. हे दुसरे वाक्य ज्याला सुचत नाही, त्याच्यापाशी तर्क नसून केवळ आवड आहे, असे समजायला हरकत नाही.

पहिली बाजू म्हणते, की काहीही बदललेले नाही. जे घडले ते पहिल्यापासून तसेच घडलेले होते. खानापूरकडचा आमचा एक सभासद प्रत्येक वेळी हात उडवून म्हणतो, “हे सगळं आधीच घडून बसलेलं होतं की गा, त्यात बदल कसला आलाय!” या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे यंत्राचे आकडे. तरुण फॅराडेचा विश्वास बसावा म्हणून 2004 मधला फॅराडे डेसमंडला आपल्या वहीतून आकडे वाचून दाखवतो: 2.342 आणि 11 हर्ट्झ. शिवाय एलोइजबद्दल आपल्याला ठाऊक आहे असेही सांगायला लावतो. एलोइज म्हणजे प्रयोगशाळेतली उंदरीण, जी भूलभुलैया शिकवण्याच्या आधीच तो सहज पार करते, आणि नंतर मरून पडते. डेसमंड ते आकडे 1996 मध्ये पोहोचवतो, यंत्र चालते, आणि अर्थातच आकडे वहीत येतात. म्हणजे आकडे फॅराडेने डेसमंडकडून घेतले आणि डेसमंडने फॅराडेकडून. मुळात ते कोणी शोधले, याला उत्तर नाही. असा बंद फेरा टिकायचा तर भूतकाळ एकच असावा लागतो.

दुसरी बाजू भूतकाळ बदलला असे म्हणते, आणि तिचाही पुरावा हलका नाही. दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, जो 24 मे 2006 रोजी प्रसारित झाला, पेनी डेसमंडला लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर येऊन भेटते. ही भेट 1996 नंतरची आणि 2004 पूर्वीची. दोघे बोलतात, पत्रे का आली नाहीत यावर बोलतात. पण आठ वर्षांनी फोन करण्याचे ते विचित्र वचन, क्रमांक बदलू नकोस ही विनवणी, यांतला एक शब्दही निघत नाही. ज्या बाईच्या दारात येऊन एखाद्याने असे वचन घेतले, ती पुढच्या भेटीत त्याचा उल्लेखही करणार नाही? बदलवाद्यांच्या मते त्या वेळी तो प्रसंग घडलेलाच नव्हता.

दोन्ही पुरावे तोलताना एक नियम पाळावा: पडद्यावर दिसलेली गोष्ट, पडद्यावर न दिसलेल्या गोष्टीपेक्षा जड. आकड्यांचा फेरा दिसतो. वचनाचा अनुल्लेख म्हणजे न बोललेले बोलणे, आणि दुखावलेली माणसे नेमके तेच टाळतात, असे म्हणायलाही जागा आहे. माझे पारडे म्हणून पहिल्या बाजूकडे झुकते. परंतु पहिल्या बाजूने एक कर्ज फेडायचे राहिलेले आहे. भागाच्या अगदी शेवटी बेटावरचा फॅराडे तीच वही चाळतो आणि त्यात स्वतःच्याच हाताने लिहिलेले सापडते, की काही बिघडलेच तर डेसमंड ह्यूम हाच माझा स्थिरांक. त्याच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदाच वाचल्याचा भाव आहे. ज्या वहीतून त्याने थोड्या वेळापूर्वी आकडे वाचून दाखवले, त्याच वहीतली ही ओळ त्याला ठाऊक नसावी, हे कसे? आधीच्याच भागात त्याची सहकारी शार्लट त्याची पत्त्यांवरून स्मरणशक्ती तपासताना दिसते, आणि 1996 मध्ये तो डोक्यावर कोणतेही संरक्षण न घेता किरणोत्सारात काम करतो, यावर डेसमंडही त्याला टोकतो. विस्मरणाचा दुवा असा दोन्ही टोकांना पेरलेला आहे. बंद फेऱ्याचा तर्क मांडणाऱ्याने हा दुवा जोडून दाखवला, तरच त्याचे म्हणणे पुरे झाले असे मानावे.

एक तिसरी बाजूही दर बैठकीला डोके वर काढते: सगळा डेसमंडच्या मनाचा आजार आहे. तिच्यावर वेळ घालवू नये. मिन्कोव्स्कीलाही तेच होते आणि तो मरतो. आणि पेनी 2004 मध्ये फोन उचलते, ती पुढेही सर्वांना भेटते. आजार संसर्गाने पसरत असेल, पण तो टेलिफोन उचलत नाही.

फसवे पुरावे

नावांवरून तर्क करण्याचा मोह आवरावा. ह्यूम हे कार्यकारणभावावर शंका घेणाऱ्या स्कॉटिश तत्त्वज्ञाचे आडनाव आहे, फॅराडे विद्युतचुंबकीय संशोधकाचे, आणि मिन्कोव्स्की हे ज्या गणितज्ञाने 1908 मध्ये अवकाश आणि काळ यांना एकाच चौकटीत बसवले त्याचे. लेखकांनी ही नावे मुद्दाम ठेवली हे उघड आहे. त्यांतून कथेचा विषय कळतो, पुढचे कथानक कळत नाही.

पार्श्वभूमीतल्या वस्तू मात्र उपयोगी असतात, त्यांचे वय ठाऊक असेल तर. आपल्याकडचेच पाहा: बेळगाव शहराच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग सरकारने 1 नोव्हेंबर 2014 पासून Belgaum चे Belagavi असे बदलले. 1996 सालचा म्हणून दाखवलेल्या एखाद्या प्रसंगात मागे नव्या स्पेलिंगची सरकारी इंग्रजी पाटी दिसली, तर तो काळप्रवासाचा संकेत मानण्यापूर्वी कलादिग्दर्शकाची नजरचूक मानावी. नजरचूक हे स्पष्टीकरण नेहमी पहिल्यांदा तपासावे आणि तेवढ्याने भागत नसेल तरच पुढे जावे.

निर्मितीची परिस्थितीही माहीत असावी. चौथ्या पर्वाच्या काळात हॉलिवुडमधल्या लेखकांचा संप झाला, तो 5 नोव्हेंबर 2007 ते 12 फेब्रुवारी 2008 पर्यंत चालला, आणि पर्व ठरल्यापेक्षा लहान झाले. म्हणून ‘संपामुळे घाईत लिहिले, म्हणून हे सुटले’ असा युक्तिवाद अनेक जण करतात. तो या भागाला लागू नाही. पर्वाचे पहिले आठ भाग संपापूर्वीच तयार झालेले होते.

बैठकीत मांडताना

बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवावी आणि खानापूर-निपाणीच्या मंडळींना शेवटची बस मिळेल अशा बेताने आटोपावी, नाही तर निम्मे लोक ऐन रंगात उठून जातात. भाग आधीच उतरवून लॅपटॉपवर ठेवावा. जून-जुलैच्या पावसात आपल्याकडे वीज आणि इंटरनेट यांपैकी एक तरी दगा देतेच. कोण कोणत्या पर्वापर्यंत पोहोचले आहे हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे, आणि पुढचे ठाऊक असलेल्यांनी तोंडाला कुलूप लावावे. वयाने मोठे कोणी असतील, विशेषतः एखादे निवृत्त मास्तर, तर त्यांना आधी बोलू द्यावे, पण ‘पुरावा कोणता, मास्तर?’ असे नम्रपणे विचारण्याची मुभा सर्वांत लहान सभासदालाही असावी. तर्क मांडायला पाच मिनिटे आणि तो खोडायला दहा, हे प्रमाण आमच्याकडे चांगले चालते.

जो तर्क टिकेल त्याचा कागद तारखेसह जपून ठेवावा आणि मंडळी पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागापर्यंत, म्हणजे 21 जानेवारी 2009 रोजी प्रसारित झालेल्या भागापर्यंत पोहोचली, की बाहेर काढावा. तेथे फॅराडे स्वतःच सांगतो, की भूतकाळ कोणालाही बदलता येत नाही, आणि मग त्याच भागात तळघराच्या दारावर थापा मारून डेसमंडला बाहेर बोलावतो, कारण त्याच्या मते हे नियम डेसमंडला लागू नाहीत. डेसमंडला ती भेट त्यानंतर अनेक वर्षांनी, समुद्रात आपल्या नौकेवर झोपेतून दचकून उठल्यावर, एकाएकी आठवते. बंद फेऱ्याच्या तर्काखाली ‘काय दिसले तर सोडून देईन’ असे जे वाक्य लिहिले होते, ते या प्रसंगाशी ताडून पाहावे, आणि मग मतदान पुन्हा घ्यावे.